काळ्या मोत्याची जोड

१

यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या चष्म्याच्या दुकानाची आणि या वयातही शाबूत असलेल्या माझ्या बत्तीस दातांची शपथ. म्हणजे एकतीस. एक अक्कलदाढ गेल्या वर्षी काढली, आणि त्यावर लोकांनी करायचे ते विनोद करून घेतले आहेत. दुकानही अगदी माझं म्हणता येणार नाही, भाड्याचं आहे. पण शपथ खरी आहे.

मी थापा मारतो हे सगळ्यांना माहीत आहे. नंबर काढायला आलेला माणूस यंत्रावर हनुवटी टेकवून बसला की त्याला हलता येत नाही, तेवढ्यात मी एक गोष्ट उरकून घेतो. घरी पाहुणे आले की तेच. फरक एवढाच, की घरी माझी बायको असायची. ती छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर लाल पेन घेऊन लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या आणि संध्याकाळी माझ्या. मी म्हणावं, "अंगणात साप निघाला, हा एवढा, मनगटाएवढा जाड," की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "छे! दोरी होती. आणि तीही आपलीच."

पाहुणे माझ्या सापाला हसायचे नाहीत, तिच्या दोरीला हसायचे. त्या 'छे'ला वजन होतं. डब्याचं झाकण नीट बसलं की होतो तसा आवाज. तो झाला की गोष्ट मिटली, आणि खरं काय ते आत सुरक्षित राहिलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हाला जहाजाच्या सफरीला पाठवलं. सकाळी एका बेटाला लागायचं, संध्याकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं बेट. जहाज केवढं होतं? आमच्या गल्लीत आणून उभं केलं असतं तर या टोकाच्या आणि त्या टोकाच्या लोकांनी दोन जहाजं आली म्हणून सांगितलं असतं.

इथे एक 'छे' हवं होतं. असो.

२

जहाजावर झोप आणि जाग यांत फारसा फरक राहत नाही. आमच्या खोलीला एक गोल खिडकी होती आणि तिच्यात समुद्राची रेघ सावकाश वर यायची, सावकाश खाली जायची, कुणीतरी झोपलेलं असावं आणि आपण त्याचं पोट पाहत बसावं तशी. भिंतीच्या आत कुठेतरी घरघर चालू असायची. पहिल्या दिवशी तिचा त्रास झाला, दुसऱ्या दिवशी ती ऐकू येईना, आणि मग वाटायला लागलं की ती आपल्याच छातीत आहे.

जेवायला आमच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी असायच्या. त्या बाईंच्या कानांत काळे मोती होते, आदल्याच बेटावर घेतलेले. "उद्याच्या बेटावरही दुकान आहे म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "धक्क्यावरून सरळ चढायचं, निळं दार."

माझ्या बायकोने जन्मात कधी दागिन्याचा हट्ट केला नाही. पण त्या दिवशी ती जेवण होईपर्यंत त्या कानांकडे पाहत होती.

"काळे कुठे आहेत ते?" खोलीत आल्यावर ती म्हणाली. "हिरवे आहेत, जांभळे आहेत, मोराच्या मानेसारखे आहेत. काळे म्हणणंच चूक आहे."

"मग चुकीच्या नावाचे घ्यायचे की नाही?"

"घ्यायचे," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

सकाळी निघताना खोली झाडणारा माणूस दारात भेटला. मी म्हणालो, "चला, जातो आम्ही." लगेच बरगडीत कोपर.

"जातो काय म्हणता! येतो म्हणावं." आणि त्याला, "येतो हं, दादा."

हीही तिची जुनी दुरुस्ती. खाली दूध आणायला निघाली तरी 'येते'. सासरी पहिल्यांदा निघालेल्या मुलीला भर रडारडीत तिने शिकवलं होतं, "जाते ती वीज. माणसाने येते म्हणावं."

३

निळं दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि समुद्राचा आवाज बंद झाला. रस्त्यावर तो सगळीकडे होता, आत मुळीच नव्हता. मी परत बाहेर जाऊन पाहिलं. होता. आत आलो. नव्हता. जाड भिंती असतील, म्हटलं.

दुकान एका खोलीचं. उथळ बशांमध्ये कापडावर मोती मांडलेले. समोर टेबल, टेबलामागे एक बाई, आणि तिच्या पाठीमागे जमिनीपासून वीतभर वर संपणारा राखाडी पडदा. बाई आपल्यासारखंच बोलत होती, पण प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला काढावा तसा.

"एक तुम्ही निवडा," ती बायकोला म्हणाली. "जोड मी शोधते."

बायकोने बऱ्याच वेळाने एक मोती निवडला. बाईने तो तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताने बशांमधला एकेक मोती त्याच्याशेजारी ठेवून बघायला लागली. ठेवायचा, बघायचा, परत बशीत. घाई नाही.

"अगदी सारखा मिळतो का?" मी विचारलं.

"अगदी सारखा नसतोच. पण दोन कानांत घातले की कोणाला कळतं?"

"जवळच्या माणसाला कळेल की."

"जवळची माणसं नीट बघतात कुठे?"

"मी चष्मेवाला आहे, बाई," मी म्हणालो. बायको खुदकन हसली. बाई हसली नाही. तिने जोड लावून दिली, मी पैसे दिले, आणि बायको कानांतले घेऊन आरशात पाहायला पडद्याच्या आत गेली.

रिकाम्या वेळेला माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं. "आमच्या आजीकडे लिंबाएवढा मोती होता," मी बाईला म्हणालो. "ती त्याने पापड लाटायची."

मी थांबलो. पडद्यामागून 'छे' यायला हवं होतं. आलं नाही. मी जरा मोठ्यांदा म्हणालो, "कलिंगडाएवढा!" काही नाही. बाई बशीतले मोती बोटाने सारखे करत होती.

"अगं, झालं का? चल."

"येते, येते." तिचाच आवाज. फक्त एवढ्याशा दुकानात यावा त्यापेक्षा जरा लांबून आला. वरच्या मजल्यावरून उत्तर द्यावं तसा.

जहाजाचा भोंगा झाला. मी पडद्याकडे पाहत बसलो. पडदा हलला नाही.

"चला ना."

मी वळलो. ती माझ्या मागे, रस्त्याच्या दारात, उन्हात उभी होती. कानांत मोती.

"तू आत होतीस ना?"

"मागून वाट आहे," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून बाईकडे पाहून म्हणाली, "जाते."

मला हसू आलं. "काय गं, पंचवीस वर्षं मला बोललीस, आणि आज स्वतःच? येते म्हण."

"हो," ती म्हणाली आणि उतार उतरायला लागली.

४

त्या संध्याकाळी जेवताना मी मोत्यांच्या दुकानाची गोष्ट सांगायला घेतली. राखणीला ऑक्टोपस बसवला होता, आठ हातांनी आठ गिऱ्हाइकं सांभाळत होता, वगैरे. माझ्या गोष्टीत तिची जागा राखलेली असते, गाण्यात टाळीची असते तशी. तिथे मी थांबलो आणि पाण्याचा पेला उचलला.

"हो," ती म्हणाली. "आणि एका हातात अंगठी होती."

टेबल खो खो हसलं. डॉक्टरांना ठसका लागला. "वा वहिनी! आज दोघं एका बाजूला? आता यांना आवरणार कोण?"

"बाईला विचारा, मोत्यांत जादू घातली होती का ते," मी म्हणालो.

"गुण असतो हो मोत्यांचा," डॉक्टर म्हणाले. "आमच्या हिने घातल्यापासून एकदाही उलट बोललेली नाही."

"खरं आहे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

खोलीकडे जाताना मी विचारलं, "अंगठी बरी सुचली तुला."

"सुचली कसली? होती ना. डावीकडच्या हातात."

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. थट्टाही नव्हती. दुकानात खरंच पाहिलेलं सांगावं, इतकं साधं.

५

माणूस समुद्रावर सैल होतो. नवरा-बायको पंचवीस वर्षांनी एकमेकांसारखी व्हायला लागतात, असं लोक म्हणतात. माझी थाप पुढे न्यायची तिला हौस वाटली असेल. मी इतकी वर्षं वाट पाहिली त्याची. अशी समजूत मी स्वतःची घातली, आणि ती नीट बसलीही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावर खुर्च्या टाकून बसलो होतो. आकाश आणि पाणी एकाच रंगाचं, मधली रेघ कुणी खोडून टाकलेली. मी सहज म्हणालो, म्हणजे सहज नाही, ठरवून म्हणालो, "आठवतं, तुझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात हत्ती शिरला होता?"

तिला बहीण नाही. दोन भाऊ आहेत, दोघेही माझ्याकडून फुकट चष्मे नेतात.

"हो ना," ती म्हणाली, समुद्राकडे पाहत. "ताई किती रडली होती."

ऊन होतं, पण मी अंगावर टॉवेल ओढून घेतला. बऱ्याच वेळाने ती पुन्हा म्हणाली, "ताईला फोन करायला हवा. कशी असेल कोण जाणे."

एका हत्तीपायी मला मेहुणी झाली. एरवी हे सांगून मी पन्नास माणसं हसवली असती. त्या दिवसापासून माझ्या तोंडून थाप निघेना. जिभेवर यायची, आणि वाटायचं, हे आता कुठेतरी घडून बसेल.

६

घरी आलो. घर तेच, खुंट्या त्याच. ती सगळं हातांनी बरोबर शोधायची. चहा तोच व्हायचा. झोपतानासुद्धा कानांतले काढायची नाही. कूस बदलली की मोती उशीवर टेकल्याचा एक बारीक आवाज यायचा, तेवढाच काय तो नवा.

मुलगी येऊन दोन दिवस राहिली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आई कसली गोड झालीये! आधी माझ्या प्रत्येक वाक्याला लाल पेन असायचं. मी म्हटलं सासूबाई छळतात, तर म्हणाली, हो, छळत असतील."

"छळतात का गं?"

"छे हो! चेष्टेत म्हटलं मी."

ते 'छे' आईचंच होतं, त्याच वजनाचं. मी इतका वेळ तिच्याकडे पाहत राहिलो की ती घाबरली.

मग छापखान्याचे मालक दुकानात आले. चष्मा नीट करून घ्यायचं निमित्त होतं. काडी सरळ करेपर्यंत थांबले, मग म्हणाले, "वहिनींची तब्येत बरी आहे ना? नाही, म्हणजे शाळेच्या पुस्तकात छापून गेलंय, सूर्य पूर्वेला मावळतो. मुद्रितावर खाली त्यांची सही आहे. त्यांच्या हातून कानामात्रासुद्धा सुटलेला नाही हो कधी, आणि आता अख्खा सूर्य?"

संध्याकाळी मी तिला विचारलं.

"तसंच लिहिलं होतं," ती म्हणाली.

"पण ते चूक आहे ना?"

"लिहिलंय म्हणजे असेल." आणि मी काही पुढे सांगेन म्हणून ती वाट पाहत राहिली. खिडकीत ऊन उतरत होतं. मी उगाच उठून कुठल्या बाजूला उतरतंय ते पाहून आलो.

७

एक गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती. लग्नाआधी ती चष्मा करायला माझ्याकडे आली होती. यंत्रावर हनुवटी टेकवलेली, हलता येत नव्हतं, आणि मी माझं सुरू केलं. त्यावर ती जे बोलली, ते ऐकून मी मनात ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी. मुलीलासुद्धा आम्ही ते कधी सांगितलेलं नाही.

मी तिच्यासमोर बसलो. "आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस?"

ती किंचित पुढे झुकली. रिकामी वाटी पुढे करावी तसा चेहरा.

"तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर तिला आठवलं असतं, अगदी मनापासून आठवलं असतं, माझ्या दुकानातल्या पंख्यासकट. मग ते वाक्य तिचं झालं असतं, आणि जिचं होतं तिचं काहीच उरलं नसतं.

"विसरलो," मी म्हणालो.

"हो, मीही," ती म्हणाली.

८

रविवारची दुपार. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पुढच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो.

जिन्यावर पावलं वाजली. मधल्या वळणावर थांबली. तिथे थांबून दम घ्यायची माझ्या बायकोची सवय होती. वर आल्यावर पर्समध्ये किल्ली शोधायची, आणि नेहमी ती तळाशी गेलेली असायची. पावलं वर आली. पर्सची चेन उघडली. नाणी, कागद, पेन यांची ढवळाढवळ.

"येते, येते," बाहेरून आवाज आला. धाप लागलेला. जवळचा.

मी उठलो. आमच्या दाराला छोटं भिंग बसवलेलं आहे, मीच बसवलंय. डोळा लावला. भिंगातून सगळं फुगीर दिसतं आणि ती खाली मान घालून पर्समध्ये पाहत होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. कान दिसला. कानाची पाळी, तिच्यातलं भोक. मोकळं.

हात कडीवर गेला.

"कोण आहे हो?" आतून ती म्हणाली.

पंचवीस वर्षांची सवय. भांडण टाळायचं, प्रश्न टाळायचा, तोंडाला येईल ते सांगून मोकळं व्हायचं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "कोणी नाही."

पर्समधली ढवळाढवळ थांबली. मी भिंगातून पाहिलं. जिना, कठडा, शेजाऱ्यांचं पायपुसणं.

९

हे सगळं मी लिहून काढलं आणि आज चहाच्या वेळी तिला वाचून दाखवलं. काहीही लपवलं नाही. तिच्याबद्दल तिच्याच तोंडावर वाचलं. मला फक्त एक 'छे' हवं होतं, कुठेही. म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबत गेलो. दातांपाशी थांबलो, जहाजापाशी थांबलो, ऑक्टोपसपाशी तर घोटभर चहा पिऊन घेतला. ती मन लावून ऐकत होती. बहिणीचं आलं तेव्हा तिने डोळे पुसले. दुकानातला पडदा आला तेव्हा मान हलवली.

"छान झालंय," ती म्हणाली. "सगळं असंच झालं."

"सगळं?"

"हो." ती कप उचलून आत निघाली होती, ती दारात थांबली. "फक्त त्या रविवारी तुम्ही दार उघडायला हवं होतंत. चपला हातात घेऊन उभी होती बिचारी."

गोष्टीतला कुठला भाग रचलेला आहे हे सांगायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं, त्यामुळे मला ते नीट जमत नाही. पण सांगतो. तो रविवार मी रचला आहे. जिन्यावर कोणी आलं नव्हतं. कोणीतरी यावं असं रोज वाटतं, म्हणून लिहिला.

चपला मी लिहिल्या नव्हत्या.